कोणता कागद ठेवायचा, कोणता नष्ट करायचा: रेकॉर्ड रूममधल्या २२ वर्षांतून

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी २२ वर्षं काढली. निवृत्त झाले तरी महिन्यातून एकदोन फोन येतातच. कुठेतरी नवा लिपिक रुजू झालेला असतो, तपासणीची तारीख लागलेली असते आणि तो काकुळतीनं विचारतो, "मॅडम, खोली भरून फायली आहेत. यातल्या कुठल्या काढून टाकू?" फोनवर हे सांगून पुरं होत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. पंचायत समिती किंवा नगरपालिकेत काम करणाऱ्यांनी आपापल्या खात्याची यादी शेजारी ठेवून वाचावं.

आधी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं मी तिच्यातून शिकले.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. एका कार्यालयात जुने गठ्ठे कमी करण्याची मोहीम निघाली. त्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेला एक गठ्ठा होता, वर चिठ्ठी होती: ‘किरकोळ पत्रव्यवहार’. मुदत कधीच उलटून गेली होती. यादी केली, साहेबांची सही झाली, आणि त्या गठ्ठ्याची सुतळी मी माझ्या हातानं सोडली. त्यानंतर तीनेक वर्षांनी एक आजी आल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या रानात पाझर तलाव झाला होता. जमीन गेली, मोबदल्याचा काही भाग कधी हातात आलाच नाही. त्यांना ताबे पावती, म्हणजे जमिनीचा ताबा सरकारनं घेतल्याचा कागद, आणि संयुक्त मोजणीचा कागद हवा होता. जुनं रजिस्टर उघडलं, नोंद सापडली, आणि नोंदीवरून कळलं की ती फाईल त्याच ‘किरकोळ’ गठ्ठ्यात बांधलेली होती. नाशाच्या यादीत काय लिहिलं होतं? ‘किरकोळ पत्रव्यवहार, गठ्ठा १’. एवढंच. तुमची फाईल अमुक तारखेला नष्ट झाली, असं लेखी उत्तरसुद्धा त्या आजींना देता येईना. त्या चार वेळा आल्या. शेवटी संयुक्त मोजणीची एक प्रत भूमी अभिलेखच्या कार्यालयात मिळाली. ताबे पावती मिळाली नाही.

तेव्हापासून फाईल हातात घेतली की ‘हा कागद कसला आहे’ हा प्रश्न मी सोडून दिला. ‘हा कागद मागायला पुढे कोण येईल, आणि मिळाला नाही तर त्या माणसाचं काय जाईल?’ एवढंच विचारते.

वर्ग टेबलावरच पडतो

फाईल ठेवायची की नाही हे रेकॉर्ड रूममधला माणूस ठरवतो, असा पुष्कळांचा समज असतो. त्याच्याकडे फाईल पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. आत काय आहे हे पुरतं ठाऊक असतं ते फाईल चालवणाऱ्या लिपिकाला. म्हणून प्रकरण बंद करतानाच त्यानं टिपणीत वर्ग, म्हणजे फाईल किती वर्षं ठेवायची हे सांगणारं अ, ब, क, ड यांपैकी अक्षर, सुचवायचा आणि अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. आपली सहा गठ्ठा पद्धत याच शिस्तीसाठी आहे. इंग्रज अमदानीतल्या अँडरसन साहेबांचं नाव तिला जोडलं जातं. पहिल्या गठ्ठ्यात हातातली प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्यात कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन, तिसऱ्यात नियतकालिकं, म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं, चौथ्यात स्थायी आदेश संचिका, पाचव्यात निकाली निघून अभिलेख कक्षाकडे जाणारी आणि सहाव्यात ‘ड’ वर्गाची, म्हणजे थोड्या दिवसांनी नष्ट व्हायची. आपल्याला इथं पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्याशी काम आहे.

पाचव्या गठ्ठ्यातली फाईल खाली पाठवण्याआधी तिचं निंदणीकरण करावं लागतं. शेतातल्या निंदणीवरूनच हा शब्द आलाय हे ध्यानात ठेवलं तर चूक होत नाही: तण निघालं पाहिजे आणि पिकाच्या मुळाला धक्का लागता कामा नये. एकाच पत्राच्या चार झेरॉक्स असतील तर एक ठेवा. स्मरणपत्रांची प्रत्युत्तरं आली असतील तर स्मरणपत्रं काढा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून दोऱ्यानं शिवा. पिना गंजतात आणि पहिल्यांदा खातात ते सहीचा कोपरा. टिपणी भाग आणि पत्रव्यवहार भाग वेगळे लावा, प्रत्येक पानाला क्रमांक द्या, वर पृष्ठसूची जोडा. अर्धन्यायिक, म्हणजे अधिकाऱ्यानं सुनावणी घेऊन निकाल दिलेलं प्रकरण असेल तर रोजनामा, जबाब, पंचनामा आणि निकालपत्र यांना हात लावायचा नाही. त्यातलं एक पान जरी गेलं तरी अपिलात वरचं कार्यालय मूळ रेकॉर्ड मागतं तेव्हा उत्तर नसतं.

आता मुखपृष्ठ. माझ्या मते निम्मी लढाई इथं जिंकली किंवा हरली जाते. ‘जमिनीबाबत’, ‘अर्जाबाबत’, ‘किरकोळ’ असे विषय लिहू नका. गावाचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, पक्षकारांची नावं, कशासाठी प्रकरण चाललं आणि आत कुठले महत्त्वाचे कागद आहेत ते लिहा. ‘मौजे अमुक, गट नंबर तमुक, पाझर तलावासाठी संपादन, ताबे पावती व संयुक्त मोजणीसह’ अशी एक ओळ त्या गठ्ठ्यातल्या फाईलवर असती, तर माझा हात सुतळीपाशीच थांबला असता. त्याखाली प्रकरण बंद झाल्याची तारीख, वर्ग आणि नाशाचं वर्ष. नाशाचं वर्ष आजच लिहून टाका. तीस वर्षांनी हिशेब करणारा माणूस तुम्हाला विचारायला येऊ शकणार नाही.

अ, ब, क, ड

‘अ’ म्हणजे कायम. ‘ब’ म्हणजे ३० वर्षं. ‘क’ म्हणजे १० वर्षं, आणि काही ठिकाणी ‘क-१’ असा ५ वर्षांचा पोटवर्ग असतो. ‘ड’ म्हणजे एक वर्ष. मुदत मोजायची ती प्रकरण बंद झाल्यापासून. पहिल्या अर्जाची तारीख धरून मोजणारे मी पाहिलेत. मग १२ वर्षं चाललेलं प्रकरण निकाल लागताच ‘क’ मधून बाद ठरतं. आमच्याकडे ‘अ’ ला लाल फडकं, ‘ब’ ला हिरवं, ‘क’ ला पिवळं आणि ‘ड’ ला पांढरं असायचं. रंग बघून गठ्ठा उचलता येतो ही सोय आहे, पण रंगावर विसंबून गठ्ठा नष्ट करता येत नाही. फडकी धुताना बदलतात, फाटतात, कमी पडली की दुसरं बांधलं जातं.

कुठला विषय कुठल्या वर्गात, याची यादी प्रत्येक खात्याची ठरलेली असते. ती आधी शोधा. सापडत नसेल तर वरच्या कार्यालयाकडून लेखी मागवा आणि चौथ्या गठ्ठ्यात, स्थायी आदेशांसोबत ठेवा. यादीत विषय असेल तर यादी म्हणते तेच. तिथं आपल्या मताला जागा नाही. आणि हे नुसतं कार्यालयीन शिस्तीचं प्रकरण नव्हे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे. राज्याचा आपला स्वतःचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. केंद्राच्या कायद्यात विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच कायद्यात प्रत्येक कार्यालयानं अभिलेख अधिकारी नेमायचा असं म्हटलंय. तुमच्याकडे हे काम कुणाच्या नावावर आहे, ते कार्यालयीन आदेश काढून बघा. नाव नसेल तर नाव घालून घ्या, मगच गठ्ठ्याला हात लावा.

यादी गप्प असते तेव्हा

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि जायला हवा. यादी जुनी असते, विषय नवा असतो. किंवा एकाच फाईलमध्ये तीन विषय मिसळलेले असतात. अशा वेळी मी फाईल सुरुवातीपासून वाचते. चाळत नाही, वाचते.

पहिली गोष्ट बघते ती हक्काची. या कागदातून कुणाला जमीन, घर, नोकरी, पेन्शन, जातीचा दाखला, वारसा असं काही मिळालं का किंवा कुणाचं गेलं का? कुळकायद्याची फाईल घ्या. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कूळ मालक मानला गेला, आणि पुढे त्या कायद्याच्या कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरवण्याचे आदेश झाले. त्या आदेशाला आज साठ-पासष्ट वर्षं होऊन गेली, तरी त्याची नक्कल मागणारा माणूस माझ्या खिडकीवर दर आठवड्याला उभा असायचा. कारण जमीन विकताना, कर्ज काढताना, भावाभावांत वाटणी होताना पहिला प्रश्न तोच येतो: ही जमीन आली कुठून? हक्क जितकी वर्षं जिवंत राहणार, तितकी वर्षं तो कागद जिवंत ठेवायचा. माणसांच्या पिढ्या धरून मोजा, तुमच्या नोकरीची वर्षं धरून नको.

मग पैसा. पावती, प्रमाणक (व्हाउचर), हजेरीपट, रोकडवही. यांना लेखापरीक्षण होऊन आक्षेप मिटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ते झालं की मुदतीप्रमाणे काढायला हरकत नसते. फक्त एक सवय मी लावून घेतली होती: दुष्काळी कामांचे हजेरीपट काढताना एखाद्या कामाचे संपूर्ण हजेरीपट नमुना म्हणून राखायला परवानगी मागायची. कोण माणसं खडी फोडायला आली होती, किती बायका होत्या, किती दिवस काम मिळालं, हे दुसऱ्या कुठल्या कागदात उरत नाही. साहेबांनी दोन वेळा परवानगी दिली, एकदा नाकारली.

तिसरी गोष्ट निर्णयामागचं कारण. पुष्कळ जण आदेश ठेवतात आणि टिपणी भाग फाडून टाकतात, कारण आदेश एका पानाचा असतो आणि टिपणी चाळीस पानांची. मला हे फार लागतं. गायरानातली दोन एकर शाळेला दिली, हा आदेश. पण गावात आणखी कुठल्या जागा पाहिल्या, त्या का नाकारल्या, गुरांच्या चराईचं काय ठरलं, ग्रामसभेत कोण काय म्हणालं, हे टिपणीत असतं. पुढे त्या जागेवरून वाद झाला की आदेशाचा कागद फक्त ‘काय’ सांगतो. ‘का’ हे टिपणीच सांगते, आणि न्यायालय नेमकं तेच विचारतं.

चौथं, मूळ कुणाकडे? एकाच पत्राच्या प्रती दहा कार्यालयांत जातात. ज्यानं निर्णय घेतला त्याच्याकडे मूळ फाईल, बाकीच्यांकडे माहितीसाठीच्या प्रती. त्या ‘ड’ मध्ये जायला हरकत नाही. पण ‘त्यांच्याकडे असेलच’ असं मनात धरून आपली प्रत टाकू नका, विचारून खात्री करा. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करायच्या होत्या, आणि त्या उभ्या राहिल्या त्या इतर कार्यालयांत जपलेल्या प्रतींवरून. त्या आजींची संयुक्त मोजणीही मिळाली ती दुसऱ्याच कार्यालयात.

शेवटी मी कागदाचं एकटेपण बघते. काही कागद सुटे असताना कवडीमोल असतात आणि ओळीनं लावले की सोनं होतात. एका गावाच्या एका वर्षाच्या पैसेवारीचा, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाचा, तक्ता काय सांगणार? पण त्याच गावाचे चाळीस वर्षांचे गोषवारे सलग हाताशी असले तर पाऊस, पीक आणि तगाई (शेतकऱ्यांना मिळालेलं सरकारी कर्ज) यांचा अख्खा इतिहास समोर येतो. म्हणून कच्चे तक्ते मुदतीत काढावेत, पण गोषवाऱ्यांची मालिका मध्येच तोडू नये असं मी दर वेळी टिपणीत लिहीत आले.

यांना हात लावायचा नाही

फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६. जुने सात-बारा. गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद. विदर्भात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाकडची जन्म-मृत्यूची वही. शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या. बंद झालेल्या शाळेचं रजिस्टर कधी कधी तहसीलमध्ये येऊन पडतं आणि कुणालाच ते आपलं वाटत नाही. असं अनाथ रजिस्टर दिसलं तर पहिल्यांदा त्याला नंबर द्या.

जातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा ठरावीक तारखांपूर्वीचा पुरावा बघतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलीला प्रवेश हवा असेल तर तिच्या पणजोबांचा शाळेतला दाखला लागतो. तो लिहिणाऱ्या गुरुजींना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो सांभाळणाऱ्याला मात्र आता ठाऊक आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा कार्यालयाकार्यालयांत कोपऱ्यातले गठ्ठे उघडले गेले. जिथं कोतवाल बुकं नीट बांधलेली होती तिथं काम भराभर झालं. जिथं वाळवीनं पोखरलं होतं तिथं माणसं मातीतून कागदाचे तुकडे जुळवत बसली.

या नोंदींत कितीतरी मोडीत आहेत. मोडी वाचता येत नसेल तर त्या कागदाच्या भवितव्याचा निर्णय घेऊ नका. न वाचलेला कागद ‘ड’ मध्ये टाकता येत नाही, हा माझा पक्का नियम होता. मोडी जाणणारा माणूस मिळेपर्यंत गठ्ठ्यावर ‘मोडी, वाचन बाकी’ अशी चिठ्ठी लावून ‘अ’ च्या कपाटात ठेवायचा. तसंही केंद्राच्या कायद्यात १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख नष्ट करायला मनाई आहे. अभिलेखागाराच्या महासंचालकांच्या मते तो कामातून गेलेला असेल तरच अपवाद. आणि त्या कायद्याखालच्या १९९७ च्या नियमांप्रमाणे २५ वर्षांपेक्षा जुना अभिलेख मूल्यांकन झाल्याशिवाय नष्ट करता येत नाही.

जुनं आणि ऐतिहासिक वाटणारं काही सापडलं तर पुराभिलेख संचालनालयाला कळवा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्यांचं दप्तर आहे, पुण्याला पेशवे दप्तर आहे. मी एकदाच पुण्याला ते दप्तर बघायला गेले. रुमालात बांधलेले हजारो गठ्ठे, आणि त्यांत फौजांच्या हालचालींबरोबर कोठीचे खर्च, दानधर्माचे आकडे, कुणाला किती कापड दिलं याच्या याद्या. आपल्या वर्गवारीत यातलं कितीतरी ‘क’ मध्ये गेलं असतं. आज त्यावरूनच त्या काळातलं रोजचं जगणं कळतं. त्या दिवशी परतताना गाडीत मी गप्पच होते.

मुदत संपली तरी थांबायचं कधी

न्यायालयात दावा चालू असेल तर. लेखापरीक्षणाचा आक्षेप उघडा असेल तर. विभागीय चौकशी किंवा लाचलुचपतचा तपास असेल तर. माहिती अधिकारात अर्ज आला असेल, किंवा अपील सुरू असेल तर. माहिती अधिकार कायद्यात, मागितलेली माहिती नष्ट केली तर जन माहिती अधिकाऱ्याला रोजचे २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवा. माणसानं कागद मागितलाय आणि आपण तो त्याच महिन्यात काढून टाकतो, यात कार्यालयावरचा विश्वास जातो तो परत येत नाही. म्हणून नाशाची यादी तयार झाली की ती माहिती अधिकाराच्या रजिस्टरशी, न्यायालयीन प्रकरणांच्या रजिस्टरशी आणि लेखाशाखेच्या आक्षेप नोंदवहीशी ताडून बघायची. त्याला एक दिवस लागतो. तो द्या.

आणि काय काढूनच टाकायचं

सगळं ठेवणं म्हणजे सुरक्षित राहणं, असं वाटतं. तसं नसतं. एकेका कोपऱ्यात पोहोच पत्रं, बैठकीची निमंत्रणं, स्मरणपत्रं, माहितीसाठी आलेली परिपत्रकं, कोऱ्या नमुन्यांचे गठ्ठे साठत जातात, आणि त्यांच्या खाली ३२-ग चा आदेश दबून जातो. ओल एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात जाते, वाळवी वर्ग बघून खात नाही. ‘ड’ चे कागद वेळच्या वेळी काढणं हे ‘अ’ सांभाळण्याचंच काम आहे. मी दर जानेवारीत मागच्या वर्षीचा सहावा गठ्ठा सोडवायची. तोवर पाऊस संपलेला असतो, कागद कोरडे असतात, आणि मार्चची धावपळ सुरू व्हायची असते.

नाशाची यादी

यादी फाईलनिहाय करा. गठ्ठानिहाय कधीही नको. प्रत्येक फाईलचा क्रमांक, विषय, गाव, बंद झाल्याची तारीख, वर्ग, मुदत संपल्याची तारीख. ज्या शाखेची फाईल, त्या शाखेच्या लिपिकाला यादी दाखवा आणि ‘हरकत नाही’ असं लेखी घ्या. त्याला काही आठवतं जे रजिस्टरला आठवत नाही. मग अभिलेख अधिकारी, मग कार्यालयप्रमुखांची मंजुरी. मंजुरी मिळाल्यावर प्रत्यक्ष नाशाच्या दिवशी यादी हातात घेऊन एकेक फाईल उघडून बघा. मुखपृष्ठावर एक आणि आत भलतंच, असं मला वर्षाला दोनतीनदा तरी सापडायचं. एकदा कोऱ्या नमुन्यांच्या पाकिटात मूळ वारस ठराव निघाला होता. असं काही निघालं की ती फाईल यादीतून लाल शाईनं वगळायची, शेजारी कारण लिहायचं आणि सही करायची.

कागद रद्दीवाल्याला जसेच्या तसे देऊ नका. त्यांत लोकांचे पत्ते असतात, सह्या असतात, अंगठे असतात, आजारपणाचे दाखले असतात. बारीक तुकडे करा, नाहीतर जबाबदार माणसासमोर जाळा, आणि शेवटपर्यंत तिथं उभे राहा. अर्धवट जळालेला गठ्ठा वाऱ्यावर सोडून गेलेली मोहीम मी पाहिली आहे; दुसऱ्या दिवशी पोरं त्या कागदांची विमानं करत होती.

स्कॅनिंगबद्दल हल्ली विचारतात. तालुक्यांतले जुने अभिलेख स्कॅन झाले, ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसू लागले, हे फार चांगलं झालं. मूळ वही दर वेळी हाताळावी लागत नाही, तिचं आयुष्य वाढतं. पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद नष्ट करायची परवानगी आपोआप मिळत नाही. पानाची मागची बाजू स्कॅन व्हायची राहिलेली असते, समासातला शेरा कापला गेलेला असतो, फिकट शाई उमटलेली नसते. ‘अ’ चा मूळ कागद ‘अ’ च राहतो. ई-ऑफिसमध्ये चालणाऱ्या फायलींनाही बंद करताना वर्ग टाकावा लागतो. तिथं जागा अडत नाही म्हणून लोक ते टाळतात, आणि मग दहा वर्षांनी कुठली फाईल कशासाठी ठेवली हे कुणालाच सांगता येत नाही.

आता यादी मंजूर झाली, कागद नष्ट झाले. त्या यादीचं काय? १९९७ च्या नियमांत नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी कायम जपायला सांगितलंय. म्हणजे फाईल ‘ड’ ची असली तरी तिच्या नाशाची नोंद ‘अ’ ची. मी यासाठी जाड पुठ्ठ्याचं वेगळं रजिस्टर केलं होतं: फाईलचा क्रमांक आणि विषय, मंजुरीचा आदेश क्रमांक, नाशाची तारीख, कसा नाश केला, कोण हजर होतं, तिघांच्या सह्या. शेवटचा रकाना मी माझा वाढवला होता, ‘या विषयाचा कागद आणखी कुठे मिळू शकेल’. भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, जिल्हा अभिलेख कक्ष, जे ठाऊक असेल ते तिथं लिहायचं. कुणी आजी आल्या तर निदान त्यांना कुठल्या दारात जायचं ते सांगता येतं.

तुमची बदली होईल तेव्हा कार्यभार यादीत या रजिस्टरचं नाव पहिल्या ओळीत लिहा, आणि नव्या माणसाला समोर बसवून शेवटचं भरलेलं पान उघडून दाखवा.